सवाल विचारणारी

रामकिशनचं चार एकर सोयाबीन कोंडाबाईनं गुत्त्यानं, ठरीव रकमेवर, कापायला घेतलं, तेव्हा पानं नुकती गळायला लागली होती. आठवड्यात शेंगा करड्या झाल्या. दुपारच्या उन्हात त्या तडतड फुटायच्या आणि दाणे जमिनीच्या भेगांत जायचे. चारच्या सुमाराला देगलूरच्या बाजूनं ढग वर यायचे, थांबायचे, परत जायचे. त्यातच टोळीतल्या दोघी तापानं पडल्या.

"समीक्षा, उद्यापास्नं तूबी चल," कोंडाबाई लेकीला म्हणाली.

समीक्षा ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. "आई, चौदा तारखेला माझी परीक्षा हाय."

"म्हाईत हाय. आठ दिस हायत की अजून. सोयाबीन थांबतंय का तुझ्या परीक्षेला?"

चुलीपुढं भाकरी थापत असलेल्या रेणुकाला आधी आनंद झाला. या घरात सून म्हणून येऊन तिला सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत नणंदेच्या हातात तिनं विळा पाहिला नव्हता. मग समीक्षा म्हणाली, "मंग वैनी मला पातीवर सवाल इचारंल. तिला समजतंय त्यातलं थोडंफार."

रेणुकानं भाकरी उलटली. ती बी.एस्सी. होती. तीन वर्षं माहेरच्या उमरीहून नांदेडला रोज जाऊन-येऊन, वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. ते प्रमाणपत्र रेशनकार्डाच्या पिशवीत होतं आणि रेशनकार्ड काढताना दर वेळी आधी हाताला लागायचं.

परीक्षा बौद्धवाड्यातल्या विहारात व्हायची. वाड्यातली जी माणसं नोकरीला लागून बाहेर गेली होती, त्यांनी मिळून ती सुरू केली होती. दर वर्षी चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ती सगळी गावी येत. त्याच सकाळी सेवानिवृत्त मास्तर धम्मानंद सर शंभर मार्कांचा सामान्य ज्ञानाचा पेपर घेत. पहिला येईल त्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी वर्षभर लातूरला ठेवायचं. क्लास, खोली, मेस, सगळं मंडळींकडून. एका वर्षी एकच जण.

कापणीला प्रत्येक बाईची तीन ओळींची पात असते. सगळ्या एका रेषेत सुरू करतात. जी मागं पडेल तिची एक ओळ शेजारणीनं आपल्यात घ्यायची, म्हणजे रेषा मोडत नाही. समीक्षा पहिल्याच दिवशी, ऊन तापायच्या आत मागं पडली. कोंडाबाईनं रेणुकाकडं बघून नुसती हनुवटी हलवली. रेणुकानं एक ओळ घेतली. तिची पात चार ओळींची झाली आणि पुढं रोज चार ओळींचीच राहिली.

वाळलेल्या शेंगेचं टोक सुईसारखं असतं. बाया बोटांना चिंध्या बांधतात. विनोदनं, रेणुकाच्या नवऱ्यानं, मुखेडहून येताना हातमोज्यांचा एक जोड आणला होता. तो मुखेडला शाळेची गाडी चालवायचा. मोजे त्यानं आईच्या हातात दिले. आईनं ते समीक्षाला दिले.

"पेन धरायचे हात हायत तिचे," कोंडाबाई म्हणाली.

रेणुकानं दातांनी चिंधीची गाठ ओढून घट्ट केली.

विळा चालत असताना पुस्तक धरता येत नाही. म्हणून दुपारची भाकर झाली की बाया लिंबाखाली आडव्या व्हायच्या, समीक्षा तोंडावर ओढणी घेऊन झोपायची, आणि रेणुका पुस्तक उघडायची. तीन पानं, तीस सवाल, एकेकाचे चार पर्याय. ते ती डोक्यात भरून घ्यायची आणि दुपारनंतर पातीवर एकेक बाहेर काढायची. तिला ते अवघड वाटत नव्हतं. कॉलेजात वनस्पतींची कुळं तिनं अशीच पाठ केली होती, बसमध्ये उभ्यानं.

"नाथसागर कोणत्या धरणाचा जलाशय? उजनी, जायकवाडी, येलदरी, माजलगाव."

"जायकवाडी."

"लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात? अकोला, वाशीम, बुलडाणा, जालना."

"जालना... न्हाई, थांब. बुलडाणा."

"घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण?"

"बाबासाहेब!" सगळी रेष एकदम ओरडली. शेजारच्या रानातला माणूस उभा राहून बघायला लागला.

"अगं, पर्याय तर ऐका," रेणुका म्हणाली.

"ह्याला कशाला लागतेत ग पर्याय?" पलीकडच्या पातीवरून शिवकांता म्हणाली. ती कंबर सरळ करायला उभी राहिली. "रेणुके, पुस्तक हाय तरी कुठं?"

"पिशवीत."

"मंग बगून राहिलीस कुठं?"

"ध्यानात हाय."

"पर्यायासकट? बाई माय! कोंडाबाई, ऐकलं का? मंग परीक्षेला हीच का बसंना?"

"बसंल की. आन चूल तू येऊन पेटव," कोंडाबाई म्हणाली.

बाया हसल्या. समीक्षाही हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. इतरांबरोबर हसावं तशी ती हसली आणि हातमोज्यानं कपाळाचा घाम पुसला.

रेणुकानं दोन झाडं कापली. मग विचारलं, "मानवी शरीरात युरिया कुठं तयार होतो? मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, मूत्राशय."

समीक्षा थांबली. "यकृत."

"चूक."

"यकृत न्हाई?"

"मूत्रपिंड. तसंच दिलंय पुस्तकात."

समीक्षानं तिच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि खाली वाकली.

रेणुकाचा विळा आपोआप भरभर चालायला लागला. घरी गेल्यावर खरं उत्तर सांगू, असं तिनं ठरवलं. घरी गेल्यावर आपल्या लहान पोरीला न्हाऊ घातलं, भाकरी केल्या, भांडी घासली. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धम्मानंद सर नावं लिहायला आले. ओसरीवर बसून त्यांनी वही मांडीवर ठेवली. समीक्षाचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"अजून कोण? वाड्यातलं पदवीधर पाहिजे फक्त," सर म्हणाले.

रेणुका चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवताना ती म्हणाली, "सर, सुना चालतेत का?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "सून वाड्यातली नव्हं का?"

विनोद खाटेवर आडवा होता. तो हसायला लागला. "लिवा सर, लिवा. दोन-दोन सायेब होऊ द्या माझ्या घरात."

"आन नंबर आला तर पोरीला कोण बगंल?" कोंडाबाई म्हणाली.

"नंबर आला तर ना, आई. बसल्यानं काय व्हतंय? बसू दे."

कोंडाबाईनं मान डोलावली. झालं तेवढंच. कुणी नको म्हणालं नाही, कुणी भांडलं नाही. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं, असं रेणुकाच्या मनात आलं. भांडायलाही समोरचा पहिला येईल अशी थोडी भीती लागते.

"पूर्ण नाव सांगा," सर म्हणाले.

तिनं नाव सांगितलं आणि न विचारता पुढं जोडलं, "बी.एस्सी."

समीक्षानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "बरं झालं वैनी. सोबत व्हईल मला."

सोबत. त्या एका शब्दावर रेणुका पुढचे दोन दिवस सोयाबीन कापत राहिली. समीक्षाच्या मानेवर ऊन पडायचं तेव्हा ती ओढणी वर घ्यायची, ते रेणुकाला दिसायचं. ती दुपारी झोपायची आणि तिच्यासाठी रेणुका जागी राहायची, तेही दिसायचं. समीक्षाला लातूरला खोली मिळेल, खोलीला खिडकी असेल, सकाळी उठून तिला फक्त स्वतःचा चहा करायचा असेल. रेणुका त्या खोलीत मनानं इतक्यांदा जाऊन आली की खिडकी कोणत्या भिंतीला आहे तेही तिनं ठरवून टाकलं होतं.

"लोकसभेचे अध्यक्ष राजीनामा कोणाकडे देतात? राष्ट्रपती, पंतप्रधान, लोकसभेचे उपाध्यक्ष, सरन्यायाधीश."

"उपाध्यक्षांकडं."

"चूक. राष्ट्रपतींकडं."

"बरं."

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, "सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीत कोणते जिवाणू असतात? अ‍ॅझोटोबॅक्टर, रायझोबियम, लॅक्टोबॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम."

"रायझोबियम."

"अ‍ॅझोटोबॅक्टर."

"बरं."

हे तिसरं सांगताना रेणुकाच्या मुठीत एक झाड मुळासकट उपटून आलं होतं. मुळांना बारीक गाठी होत्या, वाळून पोकळ झालेल्या. कॉलेजात अशीच एक ताजी गाठ कापून तिनं काचपट्टी केली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणू स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. वर्गात सगळ्यांत चांगली काचपट्टी तिची होती. त्याच मुळांशेजारी बसून ती खोटं बोलली. झाड तिनं मागं फेकलं. त्यानंतर मात्र तिनं एकही उत्तर चुकीचं सांगितलं नाही. तिला तसं सांगवेना.

चौदा तारखेला पांढऱ्या कपड्यांनी सगळा वाडा पांढरा झाला. बाहेरगावचे नोकरदार बायकापोरांसह आले. वंदना झाली, आणि मग विहारात सतरंज्या टाकून सहा जणांना बसवलं. नावाच्या क्रमानं रेणुका पाचवी आणि समीक्षा सहावी. रेणुकाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला शेंगेचं टोक घुसून पिकलं होतं. तिनं पेन दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांत धरलं.

पेपर सोपा होता. निदान तिला. सरांनी बरेचसे सवाल त्याच पुस्तकातून काढले होते. ती भराभर लिहीत सुटली आणि बाविसाव्या सवालावर अडली. युरिया.

शेजारी समीक्षा मान खाली घालून लिहीत होती. तिनं मूत्रपिंड लिहिलं असणार. लोकसभेच्या अध्यक्षांचा सवाल एकेचाळिसावा होता, गाठींचा सदुसष्टावा. तीनही पेपरात आले होते. म्हणजे समीक्षाचे तीन मार्क गेले, आणि ते रेणुकानं घालवले. रेणुका एका मार्कानं जिंकली तर ती कशानं जिंकली हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिला जिंकायचं होतं. पण समीक्षापेक्षा आपण वरचढ आहोत हे तिला स्वतःला पक्कं कळायला हवं होतं, एखादी मोजणी दोनदा केल्यावर कळतं तसं. दोन्हीकडून तेच तीन सवाल काढून टाकले की उरलेल्या सत्त्याण्णवांत जो फरक राहील तो खरा.

तिनं तीन जागा कोऱ्या सोडल्या. बाकी सगळं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

"पेपर शेजारच्याला द्या," सर म्हणाले. दर वर्षी असंच असायचं. एकमेकांचे पेपर तपासायचे, सर उत्तरं वाचून दाखवणार, शेवटी मार्क लिहून तपासणाऱ्यानं खाली सही करायची. समीक्षाचा पेपर रेणुकाकडं आला, रेणुकाचा समीक्षाकडं.

"बावीस. यकृत."

समीक्षाच्या पेपरावर यकृत लिहिलं होतं. खाडाखोड नाही. रेणुकानं बरोबरची खूण केली. सर वाचतच होते, म्हणून हात थांबला नाही.

"एकेचाळीस. लोकसभेचे उपाध्यक्ष."

खूण.

"सदुसष्ट. रायझोबियम."

अक्षर सुबक होतं. रेणुकाचे कान तापले. तिनं खूण केली आणि तिची रेघ कागद फाडून खालच्या सतरंजीला लागली.

समीक्षाला एक्याऐंशी पडले. रेणुकाला एकोणऐंशी. बाकी चौघे साठीच्या आसपास होते. "एकाच घरातल्या पहिल्या आन दुसऱ्या!" सर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोंडाबाईनं डोळ्यांना पदर लावला. विनोदनं रेणुकाकडं बघून भुवया उडवल्या. एखाद्या म्हशीनं अचानक दूध जास्त द्यावं तसं त्याच्या तोंडावर कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धा एकर कापायचं राहिलं होतं. ढग सकाळपासूनच होते. समीक्षा आली, पेढे वाटायचे ते वाटून झाले होते. बऱ्याच वेळानं, बाकीच्या बाया पुढं गेल्यावर, ती हळूच म्हणाली, "वैनी, तीन कोरे सोडलेस."

"येत न्हवते."

"तुला?"

रेणुका कापत राहिली. मग तिनंच विचारलं, "तुला कवा कळालं?"

"युरियाचं? त्याच दिशी. घरी गेल्या गेल्या पुस्तक बगितलं."

"आन बोलली न्हाईस."

"बोलले असते तर तू इचारायचं बंद केलं असतंस." समीक्षानं मुठीतली झाडं ढिगावर टाकली. "मला वाचून ध्यानात ऱ्हात न्हाई, वैनी. तू इचारलं की ऱ्हातंय. आन त्या दिसापास्नं तुझं समदं घरी जाऊन तपासत व्हते. मंग समदं दोनदा पाठ झालं."

रेणुकाला वाटलं होतं की चोरी पकडली गेल्यावर लाज वाटेल. लाज वाटली, पण थोडी. लाजेच्या खालून दुसरंच वर आलं. आपलं खोटंसुद्धा हिच्या कामाला आलं. चौथी ओळ, दुपारची झोप, आणि खोटं.

"कोरे कामून सोडलेस पण?" समीक्षानं विचारलं.

"तू चुकली असशील म्हणून."

समीक्षाला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं विळा खाली टेकवला. "ब्याऐंशी झाले असते तुला."

"हाव."

वारा सुटला होता. पुढून कोंडाबाई ओरडली, "हात चालवा ग, आभाळ आलंय!"

"सरांना सांगू का मी?" समीक्षा म्हणाली.

"काय सांगशील?"

समीक्षानं विळा परत उचलला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, हे दोघींनाही कळत होतं. रेणुकाचं नाव वाड्यात होईल ते होईल. तिनं मनात ठरवलं, हिनं अजून एकदा विचारलं तर हो म्हणायचं. बांधापर्यंत सत्तर-ऐंशी पावलं उरली होती. दोघी शेजारी शेजारी कापत गेल्या. रेणुका कान देऊन होती. विळ्यांचा आवाज येत होता, पलीकडून शिवकांताचा खोकला येत होता. बांध आला. समीक्षा पाणी प्यायली, तिनं हातमोजे झटकले आणि ती दुसऱ्या टोकाला नवी पात धरायला गेली.

पाऊस संध्याकाळी पडला, पण तोवर ढिगावर ताडपत्री पडली होती.

रविवारी समीक्षा निघाली. विनोद बॅग घेऊन फाट्यावर आला, कोंडाबाई आली, पोरीचं बोट धरून रेणुका आली. इथून मुखेड आणि मुखेडहून लातूरची गाडी. एस.टी.ला वेळ होता. विनोद पानटपरीकडं गेला तेव्हा रेणुकानं कमरेला खोचलेला कागद काढला. सरांनी ज्याचे त्याला परत दिलेले पेपर होते, त्यातला तिचा. घडी उलगडून तिनं तो समीक्षापुढं धरला.

"तपास."

समीक्षानं कागद घेतला. बाविसाव्या सवालापुढं यकृत लिहिलं होतं. एकेचाळिसाव्यापुढं लोकसभेचे उपाध्यक्ष. सदुसष्टाव्यापुढं रायझोबियम. शाई बाकीच्यापेक्षा ताजी होती.

"वैनी..."

"बरोबर हाय का चूक, तेवढं सांग."

समीक्षानं आईकडं बघितलं, मग रस्त्याकडं. वळणावर एस.टी. दिसायला लागली होती. तिनं पिशवीतून पेन काढलं. कागद बॅगेवर ठेवून तीन ठिकाणी बरोबरची खूण केली. एकोणऐंशी खोडलं, वर ब्याऐंशी लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं सुबकच आलं.

गाडी थांबली. विनोदनं बॅग चढवली आणि तो परत पानटपरीकडं गेला. समीक्षा खिडकीशी बसली, आईला हात केला, भाचीला हात केला. रेणुकाकडं बघितलं तेव्हा तिचा हात अर्धा वर येऊन राहिला. गाडी गेली.

धूळ बसेपर्यंत तिघी तिथंच उभ्या राहिल्या. कोंडाबाईनं नाक पुसलं.

"काय लिवून दिली ती?"

"मार्क," रेणुका म्हणाली.

"कुणाचे?"

"माझे."

"किती?"

"ब्याऐंशी."

"आन तिचे किती व्हते?"

"एक्याऐंशी."

कोंडाबाईला अक्षर येत नव्हतं. पण कापलेल्या रानाचे ढीग मोजताना ती कधी चुकली नव्हती, आणि गुत्त्यात तिला कुणी फसवू शकलं नव्हतं. ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग सुनेकडं वळली.

"मंग ती कशी काय गेली?"

रेणुकानं कागदाची घडी केली आणि पोरीला कडेवर घेतलं.

"दिवाळीला येईल की," ती म्हणाली. "तवा तुमीच इचारा तिला, आत्या."